तापाची तारीख लिहून ठेवा

पोळा जवळ आला, की वर्धा जिल्ह्यातल्या दवाखान्यांतली गर्दी वाढू लागते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा व्हरांडा असो, हिंगणघाट किंवा आर्वीतला खासगी दवाखाना असो, की सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातली रांग असो, बाकावर बसलेल्यांच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. अंग ठणकते, डोके जड आहे, थंडी वाजून ताप येतो. आधी पोराला आला, मग आईला, आता आजीही पडून आहे. या सगळ्याला गावात एकच नाव मिळते, 'व्हायरल'.

हे नाव चुकीचे नाही. पावसाळ्यातले बहुतेक ताप विषाणूंमुळेच येतात आणि आठवडाभरात आपसूक बरे होतात. पण याच एका नावाखाली साधी सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या आणि क्वचित चांदीपुरासारखा जीवघेणा आजारही येतो. मलेरिया आणि स्क्रब टायफससारखे आजार तर विषाणूचे नसूनही याच गर्दीत मिसळलेले असतात. सुरुवातीच्या दिवसांत हे सगळे एकमेकांसारखे दिसतात. त्यांना वेगळे करायला मदत करणारी एक साधी गोष्ट मात्र प्रत्येक घरात उपलब्ध असते, ती म्हणजे ताप सुरू झाल्याची तारीख.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न "ताप कधीपासून आहे?" हाच असतो. बहुतेक वेळा उत्तर येते, "झाले असतील दोन-चार दिवस." प्रत्यक्षात दोन आणि चार यांत मोठा फरक आहे. कोणती तपासणी उपयोगाची, कोणते औषध अजून काम करेल, धोका कधी वाढतो आणि रुग्णापासून घरातल्या इतरांना किती दिवस जपायचे, हे सारे त्या आकड्यावर ठरते. म्हणून घरात कुणाला ताप आला, की औषधाच्या डब्याबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरकडेही हात जायला हवा. नाव, तारीख आणि वेळ एवढी नोंद पुरते.

पावसाळ्यातच का?

फ्लू हा थंडीतला आजार, असे अनेकांना वाटते. थंड देशांत आणि आपल्याकडे काश्मीरमध्ये ते खरेही आहे. महाराष्ट्रात मात्र फ्लूची मोठी लाट सहसा जुलै ते सप्टेंबर या काळात येते, आणि काही वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी लहान लाट दिसते. पावसात दारे-खिडक्या बंद राहतात, एका खोलीत जास्त माणसे वावरतात आणि खोकल्याबरोबर बाहेर पडलेले कण तिथेच राहतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. वर्गात मुले एकत्र आली, की पुढच्या काही आठवड्यांत विषाणू दप्तराबरोबर घरी येतो.

डेंग्यू आणि चिकुनगुन्या यांचा मार्ग वेगळा आहे. हे आजार एडिस डासामुळे पसरतात. हा डास दिवसा चावतो आणि घरातल्या व घराभोवतीच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. वर्ध्याचा उन्हाळा पारा ४५ अंशांवर नेतो, त्यामुळे घरोघरी खिडकीला कूलर असतो. पहिला पाऊस पडला की कूलर बंद होतो, पण त्याच्या टाकीत उरलेले पाणी अनेकदा तसेच राहते. शिवाय नळाला रोज पाणी येत नाही म्हणून ड्रम, रांजण आणि सिमेंटच्या टाक्या भरलेल्या असतात. डासाला आणखी काही लागत नाही.

तिसरा मार्ग शेतातला. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत कपाशी आणि सोयाबीनच्या निंदणाची व गवत कापण्याची कामे चालतात. धुऱ्यावरच्या वाढलेल्या गवतात चिगर नावाचे अतिसूक्ष्म किडे असतात. त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. श्वास, डास आणि गवत असे हे तीन मार्ग एकाच मोसमात उघडतात, म्हणूनच भाद्रपदातला ताप ओळखणे अवघड जाते.

पहिले तीन दिवस

बहुतेक रुग्णांना पहिल्या तीन दिवसांत विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ आणि ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल एवढेच लागते. मोठ्या माणसाला एका वेळी ५०० ते ६५० मिलिग्रॅमची गोळी पुरते. दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवावे आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त घेऊ नयेत. सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असते, म्हणून दोन्ही एकत्र घेतल्या तर मात्रा नकळत वाढते. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि रोज दारू घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

मुलांची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या बाळाला १०० ते १५० मिलिग्रॅम. इथे एक गोंधळ नेहमी होतो. बाजारात पाच मिलिलिटरमागे १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचे सिरप मिळते, तसेच २५० मिलिग्रॅमचेही मिळते, आणि थेंबांची बाटली त्याहून तीव्र असते. "मागच्या वेळी एक चमचा दिला होता" हा हिशेब बाटली बदलली की चुकतो. बाटलीवरचा आकडा वाचूनच औषध द्यावे.

खाण्यापिण्यात पेज, ताक, वरणाचे पाणी, अंबील, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, जे रुग्णाला जाईल ते थोडे-थोडे द्यावे. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळावे. अर्ध्या तांब्यात अर्धे पाकीट असा अंदाज करू नये. शरीराला पाणी पुरते आहे की नाही हे लघवीवरून कळते. जागेपणी सहा तासांत एकदाही लघवी झाली नाही, तर दवाखान्यात जावे.

या तीन दिवसांत काय टाळावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. प्रतिजैविके म्हणजे अँटिबायोटिक्स जिवाणूंवर काम करतात. फ्लू किंवा डेंग्यूच्या विषाणूवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. त्या गोळ्यांनी जुलाब होऊ शकतात, आणि जिवाणूंना औषधाची सवय झाली की खरी गरज पडते तेव्हा औषध हरते. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या किंवा अंगदुखीची सुई डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोंडाने पाणी पिणाऱ्या माणसाला सलाईनची बाटली लावल्याने ताप लवकर जात नाही.

तरीही लोक सुई आणि बाटली मागतात, यामागे अडाणीपणापेक्षा रोजीची चिंता जास्त असते. निंदणाच्या दिवसांत तीन दिवस घरी बसणे म्हणजे तीन दिवसांची मजुरी जाणे. सुई घेतल्यावर दोन-चार तास बरे वाटते आणि माणूस शेतात जातो. पण तो आराम वेदना दबल्याचा असतो, आजार आपल्या गतीनेच चालतो. एका सुईचे आणि बाटलीचे पैसे वाचवून तेवढ्यात रक्ताची तपासणी करून घेणे जास्त शहाणपणाचे ठरते.

लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधांबाबत तर गेल्या काळात फार कडू अनुभव आला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने दूषित झालेल्या खोकल्याच्या सिरपमुळे लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि अनेकांचा मृत्यू झाला. त्यांतली कित्येक मुले उपचारासाठी नागपुरात आणली होती. सर्दी-खोकला आणि ताप एवढाच त्यांचा मूळ आजार होता. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांपर्यंत ती सहसा टाळावीत, असा केंद्र सरकारचा सल्ला आहे. वर्षावरच्या मुलाला अर्धा चमचा मध आणि कोमट पाणी खोकल्याला आराम देते. वर्षाखालच्या बाळाला मात्र मध देऊ नये.

ज्यांनी तीन दिवस थांबायचे नाही

घरीच सांभाळण्याचा सल्ला सर्वांना लागू नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाचे अंग १०० अंश फॅरेनहाइटच्या वर गेले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदर स्त्रिया, साठी ओलांडलेले ज्येष्ठ, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि सिकलसेलचे रुग्ण यांनीही पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. फ्लूवर ऑसेल्टामिविर हे औषध आहे. ते आजार सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिले तर त्याचा सर्वाधिक फायदा होतो. उशीर झाला तरी प्रकृती गंभीर असेल तर डॉक्टर ते देतात, पण तारखेची नोंद असली की निर्णय झटपट होतो.

मुलाचा श्वास घरच्या घरी मोजता येतो. मूल शांत असताना पोटाच्या वर-खाली होण्याकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखाली ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते वर्षभरापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास होत असतील, तर न्यूमोनियाची शक्यता धरावी. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल किंवा हलवूनही नीट जागे होत नसेल, तर रात्र असली तरी थांबू नये.

दिवसांऐवजी तास मोजावे लागतात असा एक आजार याच भूमीतला आहे. १९६५ मध्ये नागपूर भागात तापाची साथ चालू असताना पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, दोन रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू शोधला. चांदीपुरा या ठिकाणावरून त्याचे नाव पडले. कित्येक वर्षे तो फारसा धोकादायक मानला जात नव्हता. २००३ च्या उन्हाळ्यानंतर आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली आणि १८३ दगावली, तेव्हा तपासात हाच विषाणू सापडला. २००७ मध्ये नागपूर विभागातल्या मुलांमध्येही त्याचा उद्रेक झाला.

चांदीपुरा वाळूमाशीमुळे पसरतो. डासाहूनही लहान असलेली ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांच्या ओलसर कोपऱ्यांत राहते. पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक मोठा ताप, उलट्या, मग झटके आणि बेशुद्धी, असा आजार २४ ते ४८ तासांत वाढतो. त्याच्यावर वेगळे औषध नाही. झटके थांबवणे, श्वास आणि रक्तदाब सांभाळणे यावरच जीव वाचतो, म्हणून मोठ्या रुग्णालयात वेळेवर पोहोचणे हाच उपचाराचा पहिला भाग ठरतो. झटका आलेल्या मुलाला कुशीवर झोपवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. सुदैवाने हा आजार क्वचित होतो. पण भिंतीच्या भेगा लिंपणे आणि गोठा कोरडा ठेवणे याला फार खर्च लागत नाही.

ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

डेंग्यूमध्ये घरच्यांची सर्वांत मोठी फसगत ताप उतरतो तेव्हा होते. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप कमी होतो, घरात सुटकेचा श्वास टाकला जातो, आणि नेमक्या त्याच २४ ते ४८ तासांत काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपू लागतो. रक्त घट्ट होते, रक्तदाब घसरतो. वेळेवर लक्षात आले तर मोजून दिलेल्या सलाईनने रुग्ण सावरतो. इथे सलाईन खरोखर जीव वाचवते, आणि पहिल्या दिवशी बाटली लावून घेतल्याने हा टप्पा टळत नाही.

म्हणून ताप उतरल्यावरही दोन दिवस रुग्णावर नजर असावी. पोटात जोरात दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय थंड व घामेजलेले, फार सुस्ती किंवा उगाच तळमळ, लघवी कमी होणे, यांपैकी एकही खूण दिसली तर त्याच तासाला रुग्णालयात न्यावे. तापाची तारीख लिहिलेली असेल, तर हा धोक्याचा काळ कधी येणार हे आधीच कळते. त्या दिवशी रुग्णाला एकटे सोडून सगळ्यांनी शेतावर जाणे टाळता येते.

प्लेटलेटच्या आकड्याची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त असते. डेंग्यूत प्लेटलेट घटतात आणि बहुतेकांच्या त्या स्वतःच वाढतात. रक्तस्राव होत नसेल, तर आकडा १०,००० च्या खाली जाईपर्यंत सहसा प्लेटलेट चढवाव्या लागत नाहीत. रक्त किती घट्ट झाले हे दाखवणारा हिमॅटोक्रिट आणि रुग्णाची एकूण स्थिती डॉक्टरांना जास्त सांगते. पपईच्या पानांचा रस प्यायल्याने गंभीर डेंग्यू टळतो, असे सिद्ध झालेले नाही. तो रस कडू असतो, काहींना त्याने उलट्या होतात, आणि याच काळात पोटात पाणी टिकणे महत्त्वाचे असते.

तपासणीचाही दिवस ठरलेला असतो. एनएस१ ही चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. पाचव्या दिवसानंतर आयजीएम चाचणी पाहावी लागते. चुकीच्या दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह आली, तर खोटा दिलासा मिळतो. मलेरियाची रक्ततपासणी मात्र कोणत्याही दिवशी करावी. ती उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.

पाचव्या दिवशीही ताप असेल तर

साधा विषाणूजन्य ताप पाचव्या दिवसापर्यंत उतरणीला लागतो. तसे झाले नाही तर 'व्हायरलच आहे' ही समजूत बाजूला ठेवावी. टायफॉइड, मलेरिया आणि विदर्भात विशेषतः स्क्रब टायफस यांचा विचार करावा लागतो. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर विभागात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि काही मृत्यूही झाले, तेव्हा या आजाराचे नाव गावोगावी पोहोचले.

चिगर चावल्याच्या जागी काही रुग्णांना बिडीने डागल्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, खाजत नाही आणि बहुधा काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनांखाली किंवा कानामागे लपलेली असते. त्यामुळे ती शोधावी लागते. लाजेपोटी स्त्रिया सांगत नाहीत आणि खपली दिसत नाही. घरातल्या बाईमाणसाने अंग तपासून पाहिले तर डॉक्टरांचे काम सोपे होते. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध या आजारावर चांगले काम करते. ते सुरू केल्यावर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत आजार पोहोचतो. पहिल्या दिवशी अँटिबायोटिक नको, आणि पाचव्या दिवशी मात्र नेमके अँटिबायोटिक हवे, असे तापात घडू शकते. दोन्ही निर्णय डॉक्टरांनी तपासूनच घ्यायचे असतात.

तपासल्याशिवाय तापाचे नाव ठरत नाही, हे या जिल्ह्याला जुने ठाऊक आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांना मलेरिया झाला. उपचारासाठी त्यांना वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात हलवावे लागले होते. पुढे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तिथली विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात. आजाराची सुरुवात घरात होते आणि तो घरातच ओळखायला शिकावे, हा त्यामागचा विचार आहे.

घरातल्या दुसऱ्या माणसाला कसे वाचवाल?

कॅलेंडरवरच्या नोंदी आणखी एका कामाला येतात. फ्लूचा विषाणू शरीरात गेल्यावर एक ते चार दिवसांत आजार दिसतो. त्यामुळे मुलानंतर दोन-तीन दिवसांनी आई आणि मग आजोबा आजारी पडले, तर श्वासातून पसरणाऱ्या आजाराची शक्यता जास्त. डेंग्यूत रुग्णाला चावलेल्या डासाला विषाणू पुढे देण्याची ताकद यायला आठ ते बारा दिवस लागतात, आणि मग नव्या माणसात ताप येईपर्यंत चार ते दहा दिवस जातात. म्हणजे एका रुग्णाकडून घरात पुढचा डेंग्यू यायला दोन-तीन आठवडे लागतात. एकच डास एका घरातल्या अनेकांना चावला तर दोघे-तिघे एकदमही आजारी पडतात. हा अंदाज चाचणीची जागा घेत नाही, पण डॉक्टरांना दिशा देतो.

फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस विषाणू पसरवतो, लहान मुले त्याहूनही जास्त दिवस. ज्या घरात दोनच खोल्या आहेत तिथे रुग्णाला स्वतंत्र खोली देणे शक्य नसते. तरी बरेच काही जमते. रुग्णाची बाज खिडकीजवळ टाकावी आणि पाऊस थांबला की खिडकी उघडावी. झोपताना एकाचे डोके दुसऱ्याच्या पायांकडे करावे. रुग्णाने तोंडाला मास्क किंवा स्वच्छ रुमाल बांधावा, खोकताना कोपराचा आडोसा घ्यावा. त्याची सेवा करणाऱ्याने दर वेळी साबणाने २० सेकंद हात धुवावेत. आजी-आजोबा आणि तान्हे बाळ यांना शक्यतो रुग्णाशेजारी झोपवू नये. आई आजारी असली तरी बाळाचे अंगावरचे दूध तोडू नये, तोंड झाकून आणि हात धुऊन पाजावे. औषध न घेता ताप पूर्ण २४ तास राहिला नाही, मगच मुलाला शाळेत पाठवावे.

डेंग्यू किंवा चिकुनगुन्याचा रुग्ण पहिले पाच दिवस डासांना विषाणू देऊ शकतो. त्याला या काळात दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे. त्यात रुग्णाची सोय आहेच, पण खरा फायदा घरातल्या आणि शेजारच्या लोकांचा आहे.

एडिसच्या अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचा सल्ला याच हिशेबातून आला आहे. सात दिवसांच्या आत पाणी ओतून टाकले तर अळीचा डास होत नाही. पण नुसते ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने जिवंत राहतात. ड्रम, रांजण, कूलरची टाकी आतून घासावी लागते. माळ्यावर टाकलेला न घासलेला कूलर पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरताच नवे डास देऊ शकतो. फ्रिजच्या मागची ताटली, कुंडीखालची बशी, छतावरचे टायर, अंगणातली नारळाची करवंटी आणि जनावरांची डोणी याही जागा पाहाव्यात. रिकामी करता न येणारी टाकी घट्ट कापडाने झाकावी किंवा आरोग्य केंद्राकडून गप्पी मासे आणून सोडावेत. एडिस फार लांब उडत नाही, त्यामुळे शेजारच्या पाच-सहा घरांनी एकच वार ठरवला तर त्याचा परिणाम लवकर दिसतो.

शेतात निंदणाला जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, पायांत बूट आणि मोजे असावेत. गवतावर बसू-लोळू नये, कपडे गवतावर वाळत घालू नयेत. घरी आल्यावर साबणाने अंघोळ करून ते कपडे लगेच गरम पाण्यात टाकावेत.

फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो. महाराष्ट्रात ती एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्याआधी घेणे सोयीचे, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. गरोदर स्त्रिया, ज्येष्ठ, पाच वर्षांखालची मुले आणि मधुमेह-दम्याच्या रुग्णांना तिचा जास्त फायदा होतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देता येत नाही, पण गरोदरपणी आईने घेतलेली लस बाळाला जन्मानंतरचे पहिले काही महिने संरक्षण देते.

दवाखान्यात जाताना बरोबर एक कागद न्यावा. ताप कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू झाला. सर्वांत जास्त किती चढला. कोणती औषधे, किती वेळा घेतली. शेवटची लघवी कधी झाली. घरात आणखी कुणाला, कोणत्या तारखेला ताप आला. रुग्ण गेल्या दोन-तीन आठवड्यांत शेतात, गोठ्यात किंवा परगावी गेला होता का. शाळेत जाणारे मूलही हा कागद लिहू शकते. तो डॉक्टरांच्या हातात पडला, की "दोन-चार दिवस" या उत्तरात हरवणारा वेळ वाचतो, आणि तापाच्या मोसमात काही घरांसाठी तेवढा वेळ फार मोलाचा असतो.